इम्प्लांटवरची कवळी आणि डिजिटल नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवळीला कंटाळलेली माणसं आणि त्यांच्या वतीने चौकशी करणारी मुलं-सुना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इम्प्लांटवरची कवळी म्हणजे काय? नेहमीच्या कवळीपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

नेहमीची पूर्ण कवळी नुसती हिरडीवर टेकलेली असते. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो, लाळेच्या पातळ थरामुळे ती चिकटूनही राहते. खालच्या कवळीला टेकायला अरुंद पट्टीच मिळते, त्यात जीभ तिला सतत उचकटत असते. म्हणून दहातल्या नऊ तक्रारी खालच्या कवळीच्या असतात: बोलताना उडते, चावताना सरकते, खाली घास गेला की टोचते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्यावर कवळी दोन तऱ्हांनी बसते. एक, लॉकवर टचकन बसणारी आणि रोज काढून धुता येणारी. दुसरी, स्क्रूने पक्की केलेली, जी फक्त डॉक्टर काढू शकतात. कोणती घ्यावी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, त्यासाठी प्रश्न ९ आणि १९ पाहा.

२. यात 'डिजिटल नियोजन' म्हणजे नक्की काय करतात?

जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, म्हणजे सीबीसीटी, काढतात. त्यातून हाड, खालच्या ओठाला संवेदना देणारी नस (मज्जातंतू) आणि वरच्या जबड्यातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस, दिसतात. हिरडीचा आणि कवळीचा वेगळा स्कॅन घेतात. त्यातून दात कुठे येणार ते कळतं. सॉफ्टवेअरमध्ये ही दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत जुळवली, की पडद्यावर दात, त्याखाली हिरडी आणि त्याखाली हाड असं सगळं एकाच वेळी दिसतं. मग कोणत्या जागी, किती लांबीचा, किती जाडीचा, कोणत्या कोनात इम्प्लांट बसवायचा हे ठरतं. ठरलेलं तोंडात उतरवण्यासाठी बहुतेक वेळा गाईड, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा, थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतात (प्रश्न १०).

यातला क्रम महत्त्वाचा: आधी दात, मग हाड. आधी भरपूर हाड शोधून तिथे स्क्रू ठोकायचा आणि नंतर त्यावर दात कसे बसवायचे याची चिंता करायची, या उलट्या कारभारामुळे स्क्रूचं भोक पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला येतं किंवा कवळी जिभेच्या जागेत घुसते. इम्प्लांट हाडात मजबूत असतो, माणूस मात्र वैतागलेला असतो. तुमच्या डॉक्टरांनी दात कुठे येणार हे ठरवण्याआधीच इम्प्लांटची संख्या सांगितली, तर जरा थांबून विचारा.

३. माझ्याकडे ओपीजी आहे. तेवढ्यावर भागत नाही का?

सुरुवातीच्या अंदाजापुरतं भागतं. ओपीजी म्हणजे वाकडा जबडा सपाट कागदावर उलगडून दाखवणारा एक्स-रे. त्यात उंची दिसते, तीही साधारण १० ते ३० टक्के मोठी होऊन आणि सगळीकडे सारख्या प्रमाणात नाही. रुंदी अजिबात दिसत नाही. ओपीजीत १५ मिलिमीटर उंच दिसणारं हाड प्रत्यक्षात वरून सुरीच्या धारेसारखं निमुळतं असू शकतं.

दुसरं, खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने आत खोबण असते. तिथे ड्रिल हाडाबाहेर गेलं तर जिभेखालच्या रक्तवाहिनीला इजा होऊन तोंडाच्या तळाशी रक्त साचतं आणि श्वासाची वाट अडू शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा प्रकरण गंभीर असतं. ती खोबण सीबीसीटीच्या आडव्या छेदात स्वच्छ दिसते, ओपीजीत तिचा पत्ताही लागत नाही.

४. सीबीसीटीच्या किरणांनी काही अपाय तर नाही ना होणार?

मशीन, सेटिंग आणि किती भागाचा स्कॅन घेतला यावर मात्रा ठरते. साधारण काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून (किरणांची मात्रा मोजायचं एकक) काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत ती जाते. तुलनेसाठी, जमीन, हवा आणि आकाशातून येणारी नैसर्गिक किरणं जगभराच्या सरासरीने माणसाला वर्षाला सुमारे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण 'असू दे एक काढून' म्हणण्यासारखंही नाही. खालच्याच जबड्याचं काम असेल तर डोळ्यांपर्यंत स्कॅन घ्यायचं कारण नाही. कवळी नीट बसली नसताना काढलेला स्कॅन मात्र हमखास पुन्हा काढावा लागतो, आणि ती जादाची मात्रा टाळणं पूर्णपणे हातातलं असतं (प्रश्न ६).

५. स्कॅनला कवळी घालून बोलावलं. नंतर कवळी काढून घेऊन नुसत्या कवळीचाही स्कॅन केला. दोनदा कशासाठी?

सीबीसीटीत कवळीचं ॲक्रिलिक आणि हिरडी जवळपास एकाच राखाडी रंगाची दिसतात, कवळी कुठे संपली आणि हिरडी कुठे सुरू झाली ते समजत नाही. त्यावर उपाय असा: कवळीवर सहा-आठ ठिकाणी एक्स-रेत पांढरे दिसणारे ठिपके लावतात. रूट कॅनालमध्ये भरतात त्याच गटापर्चाचे बारीक ठिपके बऱ्याचदा वापरले जातात. पहिला स्कॅन कवळी तोंडात असताना, दुसरा नुसत्या कवळीचा. दुसऱ्यात आजूबाजूला फक्त हवा असल्याने कवळीचा आकार लख्ख येतो. सॉफ्टवेअर दोन्हींतले ठिपके एकमेकांवर आणतं आणि कवळी हाडाच्या चित्रात जागच्या जागी बसते.

ठिपके एका ओळीत नसावेत, वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेले असावेत, नाहीतर जुळणी किंचित कलते आणि ते लक्षातही येत नाही. हल्ली दुसऱ्या स्कॅनऐवजी कवळी प्रकाशाच्या स्कॅनरखाली फिरवूनही आकार घेतात. तत्त्व तेच.

६. माझी कवळी सैल आहे. तीच घालून स्कॅन केला तर चालतं का?

नाही. बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच असतं, म्हणून या उत्तरावर जरा जास्त वेळ घालवते.

सैल कवळी घालून काढलेल्या स्कॅनचा छेद पाहिला, तर कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसते. ती हवा. रेघ कुठे एक मिलिमीटर, कुठे दोन. आता सॉफ्टवेअर कवळीच्या आतल्या पृष्ठभागालाच हिरडी समजणार आणि गाईडही तोच पृष्ठभाग धरून छापला जाणार. ऑपरेशनच्या दिवशी गाईड दाबून बसवला की तो त्या हवेच्या जागेइतका खाली जातो, आणि बरोबर त्या प्रमाणात सगळे इम्प्लांट खोल किंवा तिरके जातात. पडद्यावर सगळं देखणं असतं, चूक स्कॅनच्या दिवशीच होऊन गेलेली असते.

म्हणून स्कॅनआधी कवळीला आतून नवीन अस्तर लावून ती हिरडीला घट्ट बसवून घेतात. दातच झिजलेले असतील, चावा बसलेला असेल, ओठ आत गेलेले असतील, तर अस्तरानेही काम होत नाही. आधी दातांची नवी मांडणी करून ती पसंत करून घ्यावी आणि मग तिच्यासह स्कॅन करावा. स्कॅनच्या वेळी दोन्ही कवळ्यांमध्ये सिलिकॉनचा चाव्याचा ठसा ठेवून तो हलकेच चावून धरायला सांगतात, तेही कवळी उचलली जाऊ नये म्हणूनच. 'जोरात चावू नका, पण सोडूही नका' असं सांगितलं, तर ते मनापासून पाळा.

रुग्णाने स्वतः करून पाहण्याजोगी एक गोष्ट: स्कॅन दाखवायला सांगा आणि कवळीखाली काळी रेघ आहे का ते बघा. त्यासाठी दंतवैद्यकाची पदवी लागत नाही.

७. माझे काही दात अजून आहेत, पण हलतात आणि सगळे काढायचे आहेत. तरी कवळी करून मग स्कॅन करावा लागेल का?

तुमची परिस्थिती एका अर्थी सोयीची आहे. दात जागेवर असताना स्कॅन घेतला, तर चित्रं जुळवायला दातच खुणा म्हणून मिळतात आणि ठिपक्यांची गरज पडत नाही. दात फारच हलत असतील तर मात्र दोन स्कॅनमध्ये ते वेगळ्या जागी असू शकतात, तेव्हा त्यातल्या त्यात स्थिर दातांवरच जुळणी करावी. कधी कधी दोन-तीन बरे दात शेवटपर्यंत ठेवून गाईड त्यांच्यावर टेकवतात, इम्प्लांट बसले की ते दात काढतात.

पण दात काढल्यानंतर हाडाचा आकार पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने बदलतो. आधी स्कॅन, मग दात काढले आणि सहा महिन्यांनी इम्प्लांट, असं झालं तर जुना स्कॅन निरुपयोगी ठरतो.

८. किती इम्प्लांट लागतात? एकाने दोन सांगितले, दुसऱ्याने सहा.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. खालच्या काढता-घालता येणाऱ्या कवळीला पुढच्या भागात दोन इम्प्लांट पुरतात. पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने म्हटलं होतं. वरचं हाड मऊ असतं, त्यामुळे तिथे साधारण चार धरतात, विशेषतः टाळूचा भाग कापून कवळी आटोपशीर करायची असेल तर. स्क्रूने पक्क्या केलेल्या दातांसाठी चार ते सहा, कधी जास्त.

चारच इम्प्लांटवर अख्खी पक्की ओळ बसवण्याची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. तीत मागचे दोन इम्प्लांट ३० ते ४५ अंशांनी कलते घालतात, म्हणजे ते नस किंवा सायनस टाळून जातात आणि वरचं तोंड मात्र मागच्या दाढांच्या जवळ उघडतं. असा कल नुसत्या नजरेने साधणं कठीण, डिजिटल नियोजनाचा फायदा इथे चटकन जाणवतो.

९. डॉक्टर म्हणतात, हाड भरपूर आहे म्हणूनच पक्की कवळी बसणार नाही. हे उलटं कसं?

उलटं वाटतं, पण खरं आहे. पक्क्या कवळीत धातूचा सांगाडा, त्यावर हिरडीच्या रंगाचा भाग आणि त्यावर दात एवढं सगळं मावायला हवं. इम्प्लांटच्या माथ्यापासून दाताच्या कडेपर्यंत त्यासाठी साधारण १५ मिलिमीटर उंची लागते. इम्प्लांट जोडणाऱ्या धातूच्या दांड्यावर बसणाऱ्या कवळीला १२-१३, सुट्या बुटक्या लॉकवरच्या कवळीला ९ च्या आसपास. हाड उंच शिल्लक असेल तर एवढी जागाच उरत नाही. जागा नसताना रेटून बनवलेली कवळी पातळ होते आणि बरोबर इम्प्लांटच्या वर तडकते.

मार्ग दोन आहेत: हाडाचा वरचा भाग तासून जागा करायची, किंवा कमी जागेत मावणारा प्रकार घ्यायचा. हाड तासणं परत फिरवता येत नाही, त्यामुळे माझा कल दुसऱ्याकडे असतो, निदान वय कमी असेल तेव्हा. वरच्या जबड्यात आणखी एक पाहावं लागतं: हसताना हिरडी किती दिसते. कवळी आणि खरी हिरडी यांचा सांधा हसण्यात उघडा पडणार असेल, तर तासण्याला पर्याय राहत नाही. हे सगळं ऑपरेशनआधी पडद्यावर मोजून होतं. ऑपरेशननंतर जागा कमी आहे असं कळणं, हे नियोजन न केल्याचं लक्षण.

१०. गाईड म्हणजे काय? दात नसताना ते हिरडीवर सरकत नाही का?

पारदर्शक प्लास्टिकची कवळीच समजा, फक्त दातांच्या जागी भोकं असलेली. प्रत्येक भोकात बहुतेक वेळा धातूची नळी असते आणि ड्रिल त्या नळीतूनच जातं, त्यामुळे जागा, कोन आणि खोली ठरलेली राहते.

सरकण्याची भीती रास्त आहे. दातांवर टेकणारं गाईड सगळ्यांत स्थिर असतं, हिरडी मात्र दबते. म्हणून चाव्याच्या ठशाने गाईड जागेवर धरतात आणि बाजूने तीन-चार बारीक पिना हाडात घालून ते पक्कं करतात. त्यानंतरच ड्रिल. एक बारकावा असा की भुलेचं इंजेक्शन भरपूर दिलं की हिरडी फुगते आणि फुगलेल्या हिरडीवर गाईड नीट बसत नाही. त्यामुळे बरेच डॉक्टर आधी थोडक्यात भूल देतात, पिना बसवतात, मग उरलेली भूल देतात.

११. कम्प्युटरवर आखलंय म्हणजे अगदी केसभरही इकडे-तिकडे होणार नाही ना?

होतं. गाईड वापरून बसवलेल्या इम्प्लांटवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित सरासरी सांगते की आखणी आणि प्रत्यक्ष यात सुरुवातीच्या बिंदूशी सुमारे १.२ मिलिमीटर, टोकाशी सुमारे १.४ मिलिमीटर आणि कोनात सुमारे ३.५ अंश फरक पडतो. ही सरासरी आहे, एखाद्या रुग्णात जास्तही पडू शकतो. नुसत्या हाताने बसवण्यापेक्षा हे बरंच चांगलं, पण 'शून्य चूक' असं कोणी सांगत असेल तर ती जाहिरात समजा.

म्हणूनच नियोजनात नस आणि इम्प्लांटचं टोक यांच्यामध्ये निदान २ मिलिमीटर मोकळे ठेवतात. हनुवटीच्या बाजूला जिथे नस हाडातून बाहेर पडते, तिथे ती कधी कधी आधी थोडी पुढे जाऊन मागे वळते. हे वळण गृहीत धरून मोजावं लागतं. खालच्या ओठाला कायमची बधिरता येणं कुणालाही नको असतं.

१२. हिरडी न कापता, टाके न घालता होतं असं ऐकलं. माझंही तसंच करा ना!

होतं, आणि सूज-दुखणं कमी राहतं हे खरं. पण हाड पुरेसं रुंद हवं, कारण डोळ्यांनी हाड दिसत नाही, सगळी भिस्त गाईडवर. शिवाय इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणाऱ्या हिरडीची पट्टी असणं चांगलं. ती मुळातच अरुंद असेल आणि गोल भोक पाडून तीही काढून टाकली, तर पुढे ब्रश करताना दुखतं, मग माणूस तिथे ब्रश फिरवणंच सोडतो.

आणखी एक. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. गाईडच्या नळीमुळे थंड पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत कमी पोचतं. म्हणून ड्रिल वर-खाली करत, थांबत थांबत चालवावं लागतं. 'दहा मिनिटांत चार इम्प्लांट' या बढाईकडे मी संशयानेच पाहते.

१३. त्याच दिवशी दात मिळतात का?

कधी कधी. इम्प्लांट बसताना हाडाने तो पुरेसा घट्ट धरला पाहिजे. बरेच जण ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपासची पकड त्यासाठी पाहतात, आणि सगळे इम्प्लांट एका ओळीत जोडले तर भार वाटला जातो. नियोजन आधी झालेलं असल्याने तात्पुरते दात तयार ठेवता येतात. पण पकड किती मिळेल हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. सीबीसीटीतल्या राखाडी छटांवरून हाडाची घनता छातीठोकपणे ठरवता येत नाही.

त्यामुळे दुसरी योजना तयार असावी: पकड मिळाली नाही तर जुनी कवळी आतून पोकळ करून, मऊ अस्तर लावून घालायची आणि थांबायचं. खाली साधारण तीन-चार महिने, वर चार ते सहा. 'त्याच दिवशी' मिळणारे दात तात्पुरते असतात, त्यांनी कडक काही चावायचं नसतं. घरी लग्नकार्य आहे म्हणून घाई करणाऱ्यांना हे वाक्य दोनदा सांगावं लागतं.

१४. दोन ठिकाणी 'हाड नाही' म्हणून परत पाठवलं. डिजिटलमध्ये काही मार्ग निघतो का?

डिजिटल नियोजन हाड निर्माण करत नाही, असलेलं हाड शोधतं. दात गेल्यावर दोन्ही जबडे झिजतात. लांब काळ चाललेल्या अभ्यासात खालच्या जबड्याचा पुढचा भाग वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेला आढळला आहे. तरीही हनुवटीजवळ दोन इम्प्लांटपुरतं हाड बहुतेकांत उरतं. ओपीजीवर 'नाही' म्हटलेल्या काही रुग्णांत सीबीसीटीवर कलत्या किंवा आखूड इम्प्लांटला जागा सापडते. वर फारच झीज असेल तर सायनसजवळ हाड भरणं किंवा गालाच्या हाडात जाणारे लांब झायगोमॅटिक इम्प्लांट हे पर्याय आहेत. दुसरा पर्याय मोठ्या शस्त्रक्रियेचा आहे, तो त्यात मुरलेल्या सर्जनकडूनच करून घ्यावा.

१५. मधुमेह आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, हाडांसाठी इंजेक्शनही घेते. यातलं काय आड येतं?

आटोक्यात असलेला मधुमेह सहसा आड येत नाही, आटोक्याबाहेरचा येतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती चालू ठेवायची की नाही हे तुमचे फिजिशियन आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतील. हिरडी न कापण्याची पद्धत (प्रश्न १२) अशा वेळी उपयोगी पडू शकते.

इथे घोडं पेंड खातं ते हाडांच्या औषधांपाशी. बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं आणि डेनोसुमॅब यांमुळे जबड्याचं हाड क्वचित भरून न येता उघडं पडतं. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या कमी मात्रेत हा धोका कमी असतो. कॅन्सरसाठी शिरेतून जास्त मात्रा घेतलेल्यांत तो बराच असतो आणि तिथे इम्प्लांट सहसा टाळतात. औषध कोणतं, किती वर्षं आणि शेवटचा डोस कधी, हे पहिल्याच भेटीत सांगा. डेनोसुमॅब मनाने थांबवलं तर मणक्यांचे फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेही परस्पर थांबवू नका. जबड्यावर पूर्वी रेडिएशन झालं असेल तर तेही लपवू नका.

१६. तोंड पूर्ण उघडत नाही. गाईडने होईल का?

पुढच्या भागात बहुधा होईल, मागे कठीण. गाईडच्या नळीतून जायचं म्हणून ड्रिल नेहमीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर लांब असतं आणि ते हँडपीससह तोंडात उभं मावायला हवं. दात नसलेल्या तोंडात जागा थोडी जास्त मिळते, एवढाच दिलासा. बाजूने ड्रिल घालता येईल अशी उघड्या नळीची गाईड असतात. दुसरा पर्याय कॅमेऱ्यांच्या मदतीने ड्रिलची जागा पडद्यावर जिवंत दाखवणारी नेव्हिगेशन पद्धत, तीत गाईड लागत नाही. नियोजनाआधी तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजायला हवं. हे मोजमाप सॉफ्टवेअरमध्ये नसतं, म्हणून विसरलं जातं.

१७. आता कॅमेरा फिरवून माप घेतात. मग ट्रेमधलं ते ओकारी आणणारं माप संपलं का?

पूर्ण नाही. दात असलेल्या तोंडात स्कॅनर पटपट चालतो, कारण प्रत्येक दाताचा आकार वेगळा असतो आणि फोटो एकमेकांना जोडायला खुणा मिळतात. गुळगुळीत, ओल्या हिरडीवर खुणाच नसतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना लहान लहान चुका साठत जातात. शिवाय कवळीच्या कडा गाल-ओठ हलवून ठरवायच्या असतात, तेही ट्रेच्या मापात नीट येतं.

पक्क्या कवळीत ही चूक महागात पडते. चार-सहा इम्प्लांटवर एकच कडक सांगाडा बसतो, त्यात फटी राहिल्या तर स्क्रू सैल होतात किंवा मोडतात. म्हणून फोटोग्रामेट्री, म्हणजे इम्प्लांटवर खुणांच्या टोप्या बसवून खास कॅमेऱ्याने त्यांची परस्परांपासूनची जागा मोजणं, किंवा तोंडातच जोडून घेतलेली पडताळणीची पट्टी वापरतात. यातलं काय करणार, हे विचारायला संकोच करू नका.

१८. दात कसे दिसतील हे आधी बघायला मिळेल का? पडद्यावरचं चित्र तर छानच दिसतं.

पडद्यावर सगळ्यांचंच हसू छान दिसतं. पसंती त्यावर देऊ नका. छापलेली चाचणी कवळी तोंडात घालून पाहण्याचा आग्रह धरा. आरशात बघा, घरच्यांना दाखवा आणि मुख्य म्हणजे बोलून पाहा. एकसष्ट ते एकोणसत्तर मोठ्याने म्हणा. 'स'ला वरचे-खालचे दात जवळ येतात पण एकमेकांवर आपटता कामा नयेत. आपटले तर दातांची उंची जास्त झाली आहे. शिट्टी वाजली किंवा 'स' फसफसला तर पुढच्या दातांची जागा पाहावी लागेल. हे इम्प्लांटच्या आधी करायचं, कारण नंतर दात सरकवले की खालच्या इम्प्लांटची आखणी जुळत नाही (प्रश्न २).

१९. आई ८१ वर्षांची आहे, हात थरथरतात. पक्की कवळी बरी की काढती?

मुलांना पक्की हवी असते, 'तिला काढायची-घालायची कटकट नको' म्हणून. मी बहुतेक वेळा काढती सुचवते. पक्क्या कवळीखाली बारीक ब्रश किंवा पाण्याचा फवारा फिरवून रोज स्वच्छता करावी लागते, थरथरत्या हातांना ते जमत नाही. आज ना उद्या स्वच्छता दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार असेल, तर काढून वाडग्यात घासता येणारी कवळी त्यांनाही सोपी. इम्प्लांटभोवती पू आणि हाडाची झीज सुरू झाली की ती या वयात निस्तरणं अवघड.

फक्त लॉक फार घट्ट नको. लॉकमधल्या नायलॉनच्या टोप्या वेगवेगळ्या घट्टपणाच्या मिळतात, सुरुवात सैल टोपीने करावी. त्या झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. दोन्ही इम्प्लांट एकमेकांना समांतर असतील तर सावकाश झिजतात. नियोजनात समांतरपणा तपासला होता का, ते इथे कळतं. रात्री कवळी काढून ठेवायची. धुताना गरम पाणी नको, ॲक्रिलिक वाकतं.

२०. आमच्या डॉक्टरांनी नियोजन बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं. हे योग्य आहे का?

सॉफ्टवेअर चालवण्याचं काम लॅबचा तंत्रज्ञ डॉक्टरांपेक्षा सफाईने करू शकतो, त्यात गैर काही नाही. पण ज्याने तुमची हिरडी दाबून पाहिली नाही, तोंड किती उघडतं ते पाहिलं नाही, त्याने शेवटचा निर्णय घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आखणी तपासून मान्य करणं डॉक्टरांचं काम. 'प्रत्येक इम्प्लांटचा छेद मला दाखवाल का?' असं विचारा. ज्यांनी स्वतः पाहिलंय ते दोन मिनिटांत दाखवतात.

२१. ऑपरेशनच्या दिवशी गाईड बसलंच नाही तर?

आदल्या भेटीत ते तोंडात घालून पाहिलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. तरी आलीच, तर जबरदस्तीने दाबून काम रेटू नये. अनुभवी सर्जन हिरडी उघडून, हाड डोळ्यांनी पाहून नेहमीच्या पद्धतीने काम करू शकतो किंवा तारीख पुढे ढकलतो. छापलेलं गाईड निर्जंतुक करताना उष्णतेने वाकल्याचीही उदाहरणं असतात. प्रत्येक रेझिनसाठी उत्पादकाने दिलेली पद्धत पाळावी लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: गाईडशिवाय हे काम तुम्ही करू शकाल का?

२२. डॉक्टर बदलायचे आहेत. आधीचा स्कॅन आणि नियोजन नव्या डॉक्टरांना चालेल का?

छापील फोटो किंवा पीडीएफ नको, मूळ फाइली मागून घ्या. सीबीसीटीची डायकॉम, कवळी आणि हिरडीच्या स्कॅनची एसटीएल. या दोन्ही बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. आखणीची फाइल मात्र बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तेव्हा आखणी नव्याने करावी लागेल. त्यात वाईट काही नाही, दुसरी नजर पडते. मधल्या काळात दात काढले असतील, कवळीला अस्तर लावलं असेल किंवा हाड भरलं असेल तर स्कॅनही नवा लागेल. इम्प्लांट आधीच बसले असतील तर त्यांची कंपनी, मॉडेल, जाडी आणि लांबी लिहिलेलं कार्ड जपून ठेवा. वीस वर्षांनी एखादा स्क्रू सैल झाला, तर पाना कोणता लावायचा हे त्या कार्डावरून कळतं.

२३. कवळी हरवली किंवा मोडली तर फाइलवरून दुसरी लगेच मिळते का?

अंतिम कवळीची फाइल जपलेली असेल तर हो, सगळी मापं पुन्हा न देता. घन ठोकळ्यातून कोरलेली कवळी साधारणपणे छापलेलीपेक्षा मजबूत असते. छापलेली तात्पुरत्या वापराला आणि चाचणीला उत्तम. काही वर्षं लोटली असतील तर हिरडी बदललेली असते, तेव्हा नव्या कवळीला आतून अस्तर लावावं लागेल. लॉकच्या टोप्याही तोंडातच बसवून घ्याव्या लागतात.

२४. इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो का?

टायटॅनियमचे इम्प्लांट असताना करता येतो. जबड्याच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं, एवढंच. काढती कवळी बाहेर ठेवून जा. कवळी चुंबकाच्या लॉकवर बसत असेल तर एमआरआयच्या तंत्रज्ञाला आधी सांगा, कारण इम्प्लांटवरचा तो धातूचा भाग काढून ठेवावा लागू शकतो.